ओले आणि कोरडे

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत एक ठराव आला : सदनिकेत खाद्यपदार्थ करून विकायचे असतील तर हॉटेलला लागतात ते सगळे परवाने आणा, नाहीतर बंद करा. हात भराभर वर झाले. ठराव ज्यांच्यामुळे आला त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसल्या होत्या. वर्षाला 100 रुपये भरून घेतलेले अन्नसुरक्षा नोंदणीचे प्रमाणपत्र त्यांनी पिशवीतून आणले होते. ते कोणी पाहायलाही मागितले नाही.

‘नियम सर्वांना सारखे हवेत’ हे वाक्य त्या संध्याकाळी चार वेळा कानावर पडले. घरचे ते शुद्धच, हा उलटा दावा वाद घालण्याच्याही लायकीचा नाही. घरच्या अन्नानेही माणसे आजारी पडतात. ॲपवरचे तारे चव सांगतात, भात किती वेळ बाहेर होता ते सांगत नाहीत. पण सारखेपणाचा आग्रह न्यायाची भाषा बोलतो, म्हणून तो सहज सोडून देता येत नाही.

हॉटेलवाल्याचे म्हणणे असे : मी भाडे देतो, 19 किलोचे सिलिंडर घेतो, नोकरांची वैद्यकीय तपासणी करतो, मग हिला सूट का? सिलिंडरबद्दल तो बरोबर आहे. 14.2 किलोची घरगुती टाकी धंद्यासाठी नाही आणि काकूंनीही ती वापरू नये. पण हा झाला स्पर्धेचा प्रश्न. खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न वेगळा आहे, आणि सारखेपणावाले एकाचे उत्तर दुसऱ्याला देतात. हॉटेलचे नियम हॉटेलच्या धोक्यांसाठी आहेत : दहा जणांचे हात, दोन पाळ्या, फ्रीजमध्ये उरलेली कालची ग्रेव्ही. दोन हातांनी चाळीस डबे भरणाऱ्या घरात हे धोके नसतात. तिथले धोके निराळे. तापाने फणफणलेले मूल आतल्या खोलीत असते, घरची कोलंबी आणि गिऱ्हाइकाची कोशिंबीर एकाच ओट्यावर चिरली जाते. यांवर हॉटेलच्या परवान्यात उत्तर नाही. सरकारलाही हे इतरत्र कळते. राज्याच्या वीजदर आदेशांत, घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लावण्याची तरतूद आहे. त्याने दुकानदारावर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही.

अन्नाच्या 2006 च्या कायद्यानेही छोट्यांना वेगळे काढले. 2011 च्या नियमावलीने त्यांच्यासाठी 12 लाखांच्या वार्षिक उलाढालीची रेषा आखली : आत असेल तर नोंदणी, बाहेर गेला तर परवाना. सरसकट सारखेपणापेक्षा हे शहाणपणाचे होते. तरीही ती रेषा पैशाची आहे, आणि अन्न पैशाच्या हिशोबाने नासत नाही. वर्षाला वीस लाखांचे पापड विकणारीपेक्षा दोन लाखांचा दहीभात विकणारीकडे निरीक्षकाने आधी जायला हवे. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

खरी रेषा ओल्या आणि कोरड्यातली आहे, आणि ती काकूंना ठाऊक आहे. दिवाळीच्या चकल्या, अनारसे त्या आठ दिवस आधी करून डब्यात भरतात. गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक मात्र सकाळी अकराच्या आत न्यायला लावतात. एकदा अडीचला आलेल्या सख्ख्या पुतण्याला त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवले होते. मोदक शिल्लक होते, ते घरातल्यांनी तेव्हाच खाल्ले. गिरणगावच्या खाणावळींपासून 1975 च्या अन्नपूर्णा महिला मंडळापर्यंत बायकांनी हा व्यवसाय उभा केला तो याच जाणिवेवर. 1959 साली गिरगावात सुरू झालेल्या लिज्जतची विभागणी पाहा : पीठ शाखेत मळायचे, पापड घरी लाटायचे. ओले काम देखरेखीखाली राहते.

कोरडे म्हणजे निर्धोक, असे मी म्हणत नाही. दमट दाण्यांना बुरशी लागते, तेल खवट होते. पण ते डोळ्यांना, नाकाला बहुधा कळते आणि वेळ देते. ओले वेळ देत नाही. नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असे नियमच सांगतात. निरीक्षकाचा तो फेरा आधी डबेवाल्यांकडे, मासे-पनीर-चटणीवाल्यांकडे जावा. तिथे त्याने ओटा, पाणी, फ्रीजचे तापमान आणि डबा भरल्याची वेळ पाहावी. लाडू-चिवड्यावालीला नोंदणी आणि पाकिटावरची तारीख पुरे. सोसायटीने वास, कचरा, लिफ्टची गर्दी यांपुरते बोलावे.

मधले पदार्थ कुठे बसवायचे, असे सभेनंतर जिन्यात एकाने विचारले. मी काकूंकडे पाहिले. गूळपोळी कोरडी, पुरणपोळी ओली, त्या म्हणाल्या. गूळपोळी पंधरा दिवस देते, पुरणाची त्याच दिवशी, तीही दुपारपर्यंत.