टिपणे

छायाचित्राविषयी बोलताना मराठी माणूस तीन क्रियापदे वापरतो. तो छायाचित्र काढतो, घेतो आणि टिपतो. यांपैकी 'टिपणे' हा शब्द जरा थांबून न्याहाळण्यासारखा आहे. पाखरू अंगणातले दाणे टिपते. शिकारी नेम धरून सावज टिपतो. आई पदराच्या टोकाने लेकराचे डोळे टिपते. एकाच शब्दात भूक आहे, हत्या आहे आणि वात्सल्यही आहे. कॅमेरा घेऊन रानात शिरणारा माणूस 'मी टिपतो' असे म्हणतो, तेव्हा यांपैकी कोणता अर्थ त्याच्या कृतीला लागू पडतो? प्रश्न वरवर भाषेचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे.

मूठभर छंदिष्टांपुरता तो आता राहिलेला नाही. मुंबईच्या उत्तर सीमेवर शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक असे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. पलीकडे वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. त्यांना 2003 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. लोकलचे तिकीट काढून ज्या रानात जाता येते, अशी ही राने आहेत. सुट्टीच्या दिवशी बोरिवलीच्या प्रवेशद्वारापाशी उभे राहिले, तर आत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाती काही ना काही चित्रयंत्र दिसेल. दुसरे काही नाही तर खिशातला मोबाईल तरी असतोच. शिलोंड्याची पायवाट, कान्हेरीचा चढ, ओढ्याकाठचे कातळ, फाल्गुनात कुसुंबाला फुटलेली तांबूस पालवी, पावसाळ्यात वाटेवर आडवे विणलेले कोळ्याचे जाळे हे सारे दररोज सहस्र वेळा टिपले जाते.

यात वावगे ते काय, असे कोणी विचारील. फळे तोडणारा फांदी रिकामी करतो, लाकूडतोड्या झाड पाडतो. छायाचित्रकार मात्र जे जसे होते ते तसेच ठेवून परततो. हा युक्तिवाद बळकट आहे आणि त्याला त्याचा मान दिलाच पाहिजे. कॅमेऱ्याने रानाचे भलेही केले आहे. 2002 ते 2004 या काळात या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली आणि 'बिबट्या' या शब्दानेच वस्त्यांचा थरकाप होऊ लागला. पुढे अभ्यासकांनी झाडांच्या बुंध्यांना स्वयंचलित कॅमेरे बांधले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना निराळी असते. तिच्यावरून एकेक प्राणी ओळखता येऊ लागला. 2015 च्या पाहणीत असे 35 बिबटे मोजले गेले, 2018 च्या पाहणीत 47. अंधारातले एक अनामिक भय होते, त्याच्या जागी ओळखता येणारे जीव आले: ही मादी, हिची ही पिल्ले, हिचा हा ठरलेला मार्ग. ज्याला आपण ओळखतो त्याच्याशेजारी कसे राहावे याचा विचार तरी करता येतो. तेव्हा दोष यंत्राचा नव्हे. प्रश्न आहे तो यंत्रामागे उभ्या असलेल्या इच्छेचा.

ही इच्छा शिकाऱ्याची कधी होते, हे पाहण्यासाठी एका लहानशा पक्ष्याकडे वळू. तिबोटी खंड्या हा जेमतेम पाच इंचांचा, रंगांची उधळण अंगावर घेऊन आलेला पक्षी पावसाळ्यात कोकणच्या रानांत घरटी करतो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बोगदा खणतो आणि पिल्लांसाठी पाली, सापसुरळ्या, लहान खेकडे चोचीत धरून आणतो. घरट्यासमोर माणसे ठाण मांडून बसली, तर तो चोचीतला घास घेऊन दूरच्या फांदीवर खोळंबून राहतो. आत पिल्ले भुकेली असतात. बाहेर बसलेल्यांना मात्र त्या खोळंबण्यामुळेच हवी तशी छबी मिळते. पक्षी स्थिर असतो, भक्ष्य चोचीत असते, उजेड चांगला असतो. पुढे कोणी घरटे स्पष्ट दिसावे म्हणून आडवी येणारी फांदी मोडतो; कोणी पक्ष्याच्याच आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला जवळ बोलावतो; कोणी छायाचित्राबरोबर जागेचा ठावठिकाणाही जगजाहीर करतो, आणि दुसऱ्या दिवशी तेथे आणखी दहाजण येतात. यांपैकी कोणाच्याही हातून रक्त सांडलेले नाही. तरीही येथे सावज आहे, नेम आहे आणि भिंतीवर टांगण्याची ट्रॉफीही आहे.

संत ऑगस्टीनने वस्तूंशी असलेल्या आपल्या नात्याचे दोन प्रकार सांगितले. काही गोष्टींचा आपण दुसऱ्या कशासाठी तरी उपयोग करतो, काहींमध्ये त्यांच्याच प्रेमासाठी रमतो. रमण्याचा अंतिम विषय त्याने केवळ परमेश्वर हाच मानला, आणि सृष्टीतील वस्तू त्या वाटेवरच्या मानल्या. परंतु त्याने दाखवलेला धोका आपल्या प्रश्नालाही लागू पडतो: मनुष्य या दोहोंची अदलाबदल करतो. पक्षी पाहण्यासाठी म्हणून कॅमेरा उचलला जातो. हळूहळू छायाचित्रासाठी पक्षी शोधला जातो. शेवटी वाहवा मिळावी म्हणून छायाचित्र हवे असते. ज्याच्यासाठी निघालो तोच साधन होऊन बसतो आणि साधन साध्य होते. रानातून परतताना आपल्याला पक्षी आठवतो की आपल्या चित्राचे झालेले कौतुक आठवते, एवढे स्वतःला विचारले तरी ही अदलाबदल ध्यानात येते.

आपली चौकट काय वगळते, हाही याच प्रश्नाचा एक भाग आहे. कारवीचे उदाहरण घ्या. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे हे झुडूप सुमारे आठ वर्षांनी एकदा सामूहिकपणे फुलते. बोरिवलीच्या रानात 2008 साली आणि पुन्हा 2016 साली जांभळी फुले बहरली आणि ती टिपण्यासाठी शहर लोटले. फुलून, बी धरून ते झुडूप वाळून जाते. फुलण्याआधीच्या सात वर्षांत त्याच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही, कारण ती नुसती हिरवी वर्षे असतात. आठ वर्षांच्या साधनेतला सेकंदाचा सव्वाशेवा भाग आपण घेतो आणि त्याला 'कारवी' असे नाव देतो. खेरीज ही वाळलेली कारवी वाया जात नाही. तिच्या काठ्यांचा कुड बांधून, त्यावर शेणमाती लिंपून वारली माणूस घराची भिंत उभी करतो. त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो आपली चित्रे रेखतो. आपल्या चित्रात जे फूल आहे, ते त्याच्या घराची भिंत आहे.

पायवाटेचेही असेच आहे. 'आज एक नवी वाट शोधली' असे आपण सहज म्हणून जातो. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे एक सहस्र वर्षे तेथे भिक्षूंची वस्ती होती, आणि त्यांच्या पायांखाली झिजलेल्या कातळाच्या पायऱ्यांवरूनच आपण वर चढतो. उद्यानाच्या आत आजही वारली आणि अन्य आदिवासींचे पाडे आहेत. आपल्याला जी सहलीची वाट वाटते, ती कोणाची शाळेची, कोणाची पाण्याची, कोणाची रोजच्या कामावर जाण्याची वाट असते. पायवाट ही पायांनीच होते. ती कोणी आपल्यासाठी आखून ठेवलेली नसते. मग डोईवर मोळी घेतलेली बाई समोरून येते, तेव्हा दोन मोह होतात. एक, ती निघून जाईपर्यंत थांबायचे, म्हणजे रान 'अस्पर्श' दिसेल. दुसरा, तिला न विचारता तिचेच चित्र घ्यायचे, कारण ती 'रंगीत' आहे. पहिल्याने तिला तिच्याच वाटेवरून पुसून टाकले जाते. दुसऱ्याने तिला वस्तू केले जाते. या दोहोंहून सोपी गोष्ट म्हणजे कॅमेरा खाली करून तिला वाट देणे आणि दोन शब्द बोलणे.

मग कॅमेरा घरीच ठेवावा काय? तसे मला वाटत नाही. पाखराचे टिपणेही आपल्या शब्दात आहे. पाखरू भुकेपुरते टिपते आणि उडून जाते. ते अंगणावर हक्क सांगत नाही. पूर्वी फिल्मच्या एका रोळात 36 चित्रे असत आणि खर्चाच्या धाकाने का होईना, माणूस आधी पाहत असे व मग टिपत असे. तो धाक आता उरला नाही; त्याची जागा विवेकाने घ्यायला हवी. आयरिस मर्डॉक या विदुषीने 1970 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक साधा अनुभव नोंदवला आहे. दुखावलेला अहंकार कुरवाळत ती खिडकीशी बसली असता बाहेर हवेत एका जागी तरंगणारा ससाणा तिला दिसतो, आणि क्षणभर त्या ससाण्यावाचून दुसरे काही उरतच नाही. दुखावलेला 'मी' कोठल्या कोठे जातो. पाहण्याचे नैतिक मोल येथे आहे. खरे पाहणे माणसाला स्वतःतून बाहेर काढते. ज्याच्या दृष्टीसमोरून काही काळ तरी 'मी' दूर सरला, तो फांदी मोडणार नाही; फांदीआडून जेवढे दिसते तेवढ्यावर तो समाधान मानील. अशा पाहण्यानंतर घेतलेले चित्र हे त्या पाहण्याची आठवण असते, त्याची जागा घेणारी वस्तू नसते.

उरते ते आईचे टिपणे. पाहण्याला आनंद आहे तसे ऋणही आहे. ज्याने पाहिले, त्याला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय राहत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात उद्यानाला लागून असलेल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. त्या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. शहराला रेल्वे हवी, हेही खरेच आहे. परंतु त्या वादात झाडांच्या बाजूने ज्यांना बोलायचे होते, त्यांच्यापाशी बोलण्यासारखे काही असेल, तर ते तेथे आधी चालल्यामुळे आणि पाहिल्यामुळेच होते. रानात सुंदर जागा टिपणारे अनेक असतात. वणव्याने काळवंडलेला उतार, ओढ्याच्या कपारीत अडकलेले प्लास्टिक, रात्रीतून बुंध्यावर पडलेला कुऱ्हाडीचा घाव यांच्यासमोर थांबून त्यांचे चित्र घेणारे थोडे. अशा चित्राला वाहवा मिळत नाही, ते भिंतीवर कोणी टांगत नाही. तरीही तेच चित्र वनरक्षकाच्या टेबलावर ठेवता येते, आणि कधी एखाद्या झाडाचे आयुष्य त्यावर टिकून राहू शकते. डोळे टिपायचे तर आधी ते ओले आहेत हे दिसावे लागते.

वाचकांपैकी ज्यांना रानवाटांचा छंद आहे, त्यांनी तो सोडू नये. उलट मुलांनाही त्या वाटेला लावावे. फक्त वाटेवर पाऊल ठेवताच कॅमेरा बाहेर काढण्याची घाई करू नये. प्रथम चालावे, थांबावे, ऐकावे. जे घरट्यात आहे ते घरट्यात राहू द्यावे. त्याचा पत्ता कोणाला सांगू नये. समोर येणाऱ्या माणसाला आधी नमस्कार करावा. आणि प्रत्येक फेरीत एक तरी सुंदर गोष्ट न टिपता तशीच सोडून यावी. ती आपली झाली नाही, याची रुखरुख प्रारंभी लागेल. पुढे कधीतरी, ती आपली कधी नव्हतीच हे उमगून, तिच्या तेथे असण्याचाच आनंद वाटू लागेल.