चकाकीचे मोल

माझ्या पुतण्याने मोटारसायकल घेतली. तिच्या हँडलवरील क्लच आणि ब्रेकचे लिव्हर काळे होते. ते काढून क्रोमचे चकचकीत लिव्हर बसवावेत, असे त्याच्या मनाने घेतले. मी नापसंती दर्शविताच तो हसून म्हणाला, “काका, हा आवडीचा प्रश्न. यात नीती कुठे आली?”

प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहे. रंग काळा की रुपेरी, याने कोणाचे काय बिघडते? परंतु ती चकाकी येते कोठून, हे पाहू गेल्यास उत्तर इतके सोपे राहत नाही. धातूवर आधी निकेलचा थर चढवितात. गंजापासून रक्षण मुख्यत्वे तोच करतो. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. पारंपरिक पद्धतीत तो क्रोमिक आम्लाच्या टाकीत विजेच्या साहाय्याने बसतो आणि बुडबुड्यांबरोबर आम्लाचे तुषार हवेत उडतात. त्यांतील षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली नोंदविले. टाकीपाशी राबणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडल्याच्या नोंदी तर त्याहून कितीतरी जुन्या आहेत. म्हणजे आपल्या डोळ्यांच्या सुखाची किंमत दुसऱ्याच्या श्वासातून वसूल होते.

मग काळा रंग निर्दोष म्हणावा काय? तसेही नाही. पावडर कोटिंगला क्रोमिक आम्लाची टाकी लागत नाही, हे खरे. पण भुकटीची धूळ, भट्टीचे इंधन आणि आधीच्या धुलाईची रसायने त्यालाही चुकत नाहीत. उलट, त्रिसंयुजी क्रोमियमची तुलनेने कमी घातक पद्धतही आज वापरात आहे. तेव्हा केवळ रंगावरून पापपुण्य ठरत नाही.

ठरते ते गरजेवरून. पुतण्याचे लिव्हर धड होते. धड वस्तू केवळ दिसण्यासाठी टाकून द्यावी काय, हा खरा प्रश्न. ज्याच्या गाडीवर मुळातच क्रोम आहे, त्यानेही ते काढून काळे बसवू नये. पुसून, जपून वापरावे. बदलण्याची वेळ आलीच, तर हा मुलामा कोणत्या पद्धतीचा, असे दुकानदाराला विचारावे. त्याला बहुधा सांगता येणार नाही. तरीही विचारावे. गिऱ्हाईक विचारीत नाही, तोवर सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

पुतण्याने लिव्हर अजून बदललेले नाहीत. माझे म्हणणे पटले म्हणून, की पैसे जमले नाहीत म्हणून, हे मी त्याला विचारलेले नाही.