अरण्यांतील एकटा मनुष्य

आमच्या खेड्यांतील तरुण 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' नांवाचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मोठ्या आवडीनें पाहत आले आहेत. बेअर ग्रिल्स नामक इंग्रज गृहस्थ त्यांत निर्जन रानांत उतरतो, किडे खातो, नद्या ओलांडतो, आणि आपण एकटेच आहों असें भासवितो. वाचकहो, तो एकटा असेल तर त्याचें चित्र कोण घेतो?

२००७ सालीं ह्याचा उलगडा झाला. रानांत काढल्या म्हणून दाखविलेल्या रात्रींपैकीं कांहीं रात्रीं तो हॉटेलांत निजला होता. रानटी म्हटलेले घोडे माणसाळलेले होते. तराफा मदतनिसांनीं आधीं जोडून पाहिला होता. पुढें ग्रिल्सनें दिलगिरी दर्शविली, व कांहीं प्रसंग मुद्दाम घडवून आणलेले आहेत अशी सूचना कार्यक्रमांत घालण्यांत आली.

कोणी म्हणेल, ह्यांत पाप तें काय? लळितांत राम होणारा शेतकरी राम नव्हे हें पोरेंही जाणतात. हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. शिवाय मदतनीस जवळ बाळगणें हें तर शहाणपणच. पण लळितांतलें सोंग सर्वांच्या देखत चढविलेलें असतें; येथें तें लपविलें होतें. आणि लपविण्याची गरज तरी काय होती? २०१९ सालीं कॉर्बेट उद्यानांत पंतप्रधान मोदी यांचें हिंदी ग्रिल्सला कसें समजलें, असें लोक विचारूं लागले. कानांत भाषांतर ऐकविणारें लहानसें यंत्र होतें, असें मोदींनीं मागाहून सांगून टाकलें. त्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

कॅनडाचा लेस स्ट्राउड 'सर्व्हायव्हरमन' ह्या कार्यक्रमांत दिवसचे दिवस एकटा राही आणि कॅमेरे स्वतःच वाही. टेकडी चढतांना दूरून दिसावें म्हणून कॅमेरा खालीं मांडावयाचा, चढावयाचें, तो आणावयास उतरावयाचें, आणि पुन्हा चढावयाचें! हें पाहणें कंटाळवाणें आहे, असें एका तरुणानें आम्हांस सांगितलें. असेलही. दुसऱ्याचा उपास पाहणें कंटाळवाणेंच असतें.

परंतु खोट्या धाडसाची किंमत कोणी तरी भरतो. रानांत वाट चुकल्यास एका जागीं थांबावें, सावली धरावी, अंगांतलें बळ राखावें, हें जाणत्यांचें सांगणें आहे. कड्यावरून उडी टाकणाऱ्यास पाहून मुलगा नेमकें उलट शिकतो. आणि आपल्या आईचें धैर्य त्याला धैर्य वाटेनासें होतें. आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील गौताळ्याच्या रानांत २०२१ सालीं टिपेश्वराकडून एक वाघ आला. पायथ्याच्या गुराख्यास गुरें घेऊन त्याच डोंगराकडे जावें लागतें. चंद्रपुराकडे तर पहाटे मोहफुलें वेंचावयास गेलेल्या स्त्रिया वाघाच्या हल्ल्यांत मेल्याच्या वार्ता उन्हाळ्यांत येतच असतात. त्यांच्यामागें मदतनीस नव्हते, आणि प्रसंग फसला म्हणून तो पुन्हा घेण्याची सोयही नव्हती.

मुलें असे कार्यक्रम पाहत असतील तर ते बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. शेजारीं बसून एवढेंच विचारावें, "बाळा, ह्या वेळीं कॅमेरा कोठें उभा होता?"