तुमची काल हरली म्हणे

२१ मे २०१७ च्या रात्री हैदराबादला आयपीएलचा अंतिम सामना झाला. मुंबईने जेमतेम १२९ धावा केल्या होत्या आणि पुण्याचा संघ १२८ वर अडकला. एका धावेने चषक गेला. भूगोलाच्या हिशेबाने त्या रात्री बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सुतक असायला हवं होतं, कारण शेवटी हरला होता तो आपला जिल्हा. पण आमच्याकडची बरीचशी पोरं मुंबईच्या विजयाने हरखून गेली होती. ज्यांना वाईट वाटलं त्यांतल्याही बहुतेकांना ते पुण्यासाठी वाटलं नव्हतं, धोनीसाठी वाटलं होतं. चेन्नईच्या संघावर तेव्हा दोन वर्षांची बंदी होती आणि धोनी तेवढ्यापुरता पुण्याकडे मुक्कामाला होता.

पुढच्या वर्षी तर गंमतच झाली. पुण्याचा तो संघ दोन हंगामांपुरताच जन्माला आला होता, तो संपला. त्याआधीचा पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळून केव्हाच आटोपला होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंज्याला हलवावे लागले. (नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनावर ज्यांचा ऊस उभा आहे, त्यांना पाण्यापायी क्रिकेटने गाव सोडलं यात नवल वाटायचं कारण नाही.) चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून पिवळ्या सदऱ्यांतली माणसं पुण्यात उतरली. ज्या शहराचा स्वतःचा संघ दोनदा नाहीसा झाला, त्याच्या मैदानावर दुसऱ्या शहराचा संघ भाडेकरू म्हणून आला आणि त्याच वर्षी चषकही घेऊन गेला.

आमच्याकडच्या, निमगाव केतकीच्या किंवा लासुर्ण्याच्या पोराने चेन्नईचा संघ का धरावा? धरण्याचं उत्तर तसं अवघड नाही. आठव्या-दहाव्या वर्षी टीव्हीवर जो जिंकताना दिसतो तो आपला. थोरल्या चुलतभावाचा जो, तो आपला. किंवा चुलतभावाशी पटत नसेल तर त्याच्या विरुद्धचा तो आपला. बाजारात ज्या रंगाचा टीशर्ट अंगात बसला, तेवढ्यावरही निकाल लागलेला मी पाहिला आहे. कोडं आहे ते टिकण्याचं. बंगळूरच्या संघाचा पहिला चषक २००८ साली स्पर्धा सुरू झाल्यापासून अठराव्या हंगामात, ३ जून २०२५ ला आला. मधल्या सतरा हंगामांत या संघाने आपल्या माणसांना तीन अंतिम सामने दाखवले आणि तिन्ही हरून दाखवले. तरी ही माणसं हलली नाहीत. पहिल्या हंगामात शाळकरी असलेला पोरगा शेवटच्या हंगामापर्यंत दोन लेकरांचा बाप झाला, पण संघ तोच राहिला.

याचा उलगडा करायला निघालेला एक फार जुना चिडका माणूस म्हणजे रोमचा धाकटा प्लिनी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधीवर लिहिलेल्या एका पत्रात तो रथांच्या शर्यती पाहणाऱ्यांवर वैतागला आहे. लोक घोड्यांच्या वेगावर किंवा सारथ्याच्या हातावर भाळले असते तर एक वेळ समजलं असतं. पण त्यांचा जीव कापडावर आहे, आणि शर्यत चालू असताना सारथ्यांनी रंग बदलले तर यांचा जीवही रंगाबरोबर पलीकडे जाईल, असं त्याचं म्हणणं. प्लिनीने जी कल्पना केली ती आयपीएलचा लिलाव दर थोड्या वर्षांनी खरी करतो. काल शिव्या घातलेला गोलंदाज आज आपल्या कापडात येतो आणि त्याच्या यॉर्करवर आपण टाळ्या पिटतो. पण प्लिनीचं गणित पुरतं सुटत नाही. २०२४ साली हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत परतला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, अंगात मुंबईचंच कापड होतं, आणि वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. म्हणजे कापडाच्या आत आणखी काहीतरी असतं, ते कुणी मोडलं की प्रेक्षकाला कळतं.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताइफेल याने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. एकात मुलांना पॉल क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि कुणाला कोण आवडलं त्यावरून दोन गट केल्याचं सांगितलं. गट खरं तर वाटेल तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना पैसे वाटायची पाळी आली तेव्हा ज्याला त्याला स्वतःला एक पेनी मिळायची नव्हती, तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की, सगळ्यांना मिळून जास्त मिळण्यापेक्षा समोरच्यांना आपल्याहून कमी मिळणं कित्येकांना जास्त पसंत पडलं. आपल्याकडे कलगीवाल्या आणि तुरेवाल्या शाहिरांच्या फडांनी शक्ती मोठी की शिव मोठा यावर रात्र-रात्र सवाल-जवाब रंगवले. शिवशक्ती वेगळी नाही हे समोर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं, पण म्हणून त्याने बाजू धरायची सोडली नाही.

बारामती-इंदापुरात बाजू धरण्याचं शिक्षण साखर कारखान्यावर मिळतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी: कोण कुठला सभासद हे घराच्या पत्त्याइतकं पक्कं असतं. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली एक छोटं पुस्तक लिहिलं. संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा ही सोडून जाण्याला धरून ठेवणारी गोष्ट आहे, म्हणून ती आवाजाला वेळ मिळवून देते, असा त्याचा विचार. कारखान्याची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला हे पुस्तक निम्मं तोंडपाठ असतं. शेजारच्या कारखान्याने टनाला शंभर रुपये जास्त दिले की सभेत माईक हिसकावले जातात, अहवालाची पानं फडकवली जातात. सभासदाची निष्ठा खरीच असते, पण तिला अंतिम दराची एक बाजू असते आणि ती लपवायची कुणाला गरजही वाटत नाही. क्रिकेटच्या संघाला मात्र अंतिम दर नसतो. तो ना पाणी सोडतो ना उचल देतो. हर्शमनच्या माणसाकडे दोन वाटा होत्या. या प्रेक्षकाला सोडून जाता येत नाही, आणि त्याचा आवाज टीव्हीच्या काचेपलीकडे पोचत नाही.

कुस्तीच्या फडात निष्ठेचा पोत निराळा होता आणि अजूनही आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फड भरतो. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली तांबडी माती, कडेला बसलेला गाव, हलगी आणि घुमकं. आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग नारळावरच्या, मग शेकड्यांच्या, हजारांच्या. शेवटची कुस्ती नामांकितांची असते. पैलवान आत उतरला की निवेदक त्याच्या नावाला तीन पदर लावून पुकारतो: गाव कुठलं, तालीम कुठली आणि पठ्ठा कुठल्या वस्तादाचा. पैलवान कडेकडेने फिरून गावाला हात जोडतो, चिमूटभर माती उचलून प्रतिस्पर्ध्याच्या हातावर ठेवतो आणि सलामी झडते. इथे प्रेक्षकाने त्या पोराला दूध पिताना, जोर मारताना, पहाटे कालव्याच्या कडेने पळताना पाहिलेलं असतं. बापाने कर्ज काढून खुराक चालवला हेही माहीत असतं. म्हणून तो पट काढताना चुकला की पहिल्या रांगेतली माणसं नुसतं ओरडत नाहीत, अर्धी उठून उभी राहतात. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली की गाव चिडतं. त्याला निकाल हवा असतो, आपल्या बाजूने नसला तरी. हरियाणाच्या पैलवानाने डोळ्यांदेखत घिस्सा मारून आपला पठ्ठा चितपट केला तर पहिली शंभराची नोट पुष्कळदा आपल्याच गावातला कुणीतरी त्याच्या हातावर ठेवतो. आपल्याला हरवणाऱ्याला बक्षीस देता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ती दिसत नाही.

कोल्हापुरात हीच तालीम फुटबॉलला जाऊन मिळाली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही तिथल्या संघांची नावं. पेठेत जन्मला तो पेठेच्या संघाचा, निवडीचा प्रश्नच नाही, आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत त्या जन्माचा आवाज ऐकू येतो. तोच माणूस विश्वचषकात मात्र अर्जेंटिना नाहीतर ब्राझील निवडतो आणि चौकात मेस्सीचं भलंमोठं कटआऊट उभं करतो. घरचा संघ जन्माने, लांबचा संघ मर्जीने, आणि दोन्ही तितकेच घट्ट. आमच्याकडे घरच्या संघाची जागा रिकामी राहिली. राज्याचा रणजी संघ फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मैदानावर येऊन खेळून गेला. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काढलेल्या नाबाद ४४३ धावा आजही भारतीयाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी आहे, तीही याच महाराष्ट्र संघासाठी. पण ‘मी महाराष्ट्राचा’ असं रणजीच्या अर्थाने सांगणारा माणूस शोधून सापडत नाही. पुणेरी पलटण २०२४ साली प्रो कबड्डी जिंकली, तेव्हाही चार दिवस कौतुक झालं आणि पोरं परत मुंबई-चेन्नईकडे वळली.

का? माझं उत्तर असं आहे की संघ माणूस एकदा निवडतो, आणि त्यानंतर त्याला त्या संघाशी बांधून ठेवण्याचं काम शेजारी करतात. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिलं की विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त दिसतात, आणि जिंकल्यावर ‘आम्ही’ म्हणणारी मुलं हरल्यावर तेवढ्या सहज ‘आम्ही’ म्हणत नाहीत. हजारोंच्या विद्यापीठात हे जमतं. सदरा कपाटात टाकला की झालं. अंथुर्ण्यात किंवा सणसरला कसं जमणार? सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलं की कॅन उतरायच्या आत कानावर येतं, “तुमची काल हरली म्हणे.” ‘तुमची’ म्हणणारा तो असतो. आपण रात्री मनातल्या मनात संघाला सोडचिठ्ठी दिलेली असली तरी गावाच्या वहीत आपलं नाव तिथेच असतं. बंगळूरवाल्यांना सतरा वर्षं टिकवलं ते विराट कोहलीने जितकं, तितकंच त्यांना रोज सकाळी डिवचणाऱ्या मुंबईवाल्यांनी. आणि पुण्याच्या संघाचं नाव कुणालाच चिकटलं नाही, कारण दोन हंगामांत चिडवायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही.

नाव चिकटायला किती लागतं आणि चिकटल्यावर ते किती टिकतं, हे पाहायचं तर इंदापूर तालुक्यातलं पळसदेव पाहावं. उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. गाव वर सरकून नव्या जागी वसलं, माती बदलली, धंद्यात मासळी आली. तरी माणसं पळसदेवकरच राहिली, कारण आसपासच्या गावांनी त्यांना दुसरं काही म्हटलंच नाही. पुण्याच्या संघाकडे नाव होतं, मैदान होतं, फक्त त्या नावाने हाक मारणारी आसपासची गावं नव्हती.

डिवचणारं कुणी नसलं तरी जागा टिकते, हे वारीत दिसतं. तिथे तर समोर हरणारंही कुणी नसतं. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या धावतात, बेलवाडीला गोल रिंगण होतं, अश्व पळतो, विणेकरी पळतात, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया पळतात, आणि कोण पुढे आलं हे विचारायचं नसतं. तरीही दिंडी बदलणारा वारकरी क्वचित. आजोबा ज्या दिंडीत चालले त्याच दिंडीत नातू, आपल्या ठरल्या जागेवर.

आणि मग येतं राजकारण, ज्याच्याशिवाय बारामतीवरचा लेख कुणी पुरा मानत नाही. २०२४ च्या मे महिन्यात बारामतीकरांनी लोकसभेला सुप्रिया सुळे यांना आघाडी दिली आणि नोव्हेंबरात विधानसभेला अजित पवार यांना लाखाहून जास्त मतांनी निवडून दिलं. एकाच घराच्या दोन बाजू, घड्याळ इकडे, तुतारी तिकडे. बाहेरच्यांना हे कोडं वाटलं. इथल्यांनी सरळ हिशेब मांडला की दोन्ही आपलेच. संघ फुटला तर प्रेक्षकाला असं करता येत नाही. इंदापूरच्या एका माजी मंत्र्यांनी २०१९ मध्ये काँग्रेस सोडून भाजप धरला, २०२४ मध्ये भाजप सोडून शरद पवारांचा पक्ष धरला. दोन्ही वेळा कार्यकर्ते बरोबर होते, सभा झाली, हार पडले आणि कारणं दिली गेली. कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. तालुक्याचं पाणी, रस्ते, कारखाना ही कारणं असतात, ती सांगता येतात आणि ऐकणाऱ्याला मानता येतात.

आता समजा लासुर्ण्याच्या आमच्या त्या पोराने यंदा संघ बदलायचं ठरवलं. सांगणार काय? धरताना कारण नव्हतं, मग सोडताना ते आणायचं कुठून? तालुक्याच्या विकासासाठी मी चेन्नई सोडून गुजरातमध्ये जाहीर प्रवेश करतोय, असं म्हणायची त्याला सोय नाही. त्याला सलूनच्या खुर्चीत बसून सगळ्या दुकानाचं ऐकून घ्यावं लागतं, आणि गळ्याला वस्तरा लागलेला असल्यामुळे उलटून बोलताही येत नाही.