अपोफिसची वाट



हिंगोलीहून लोणार फार लांब नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी ते सरोवर पाहिले असेल. आकाशातून आलेल्या एका लघुग्रहाने काळ्या खडकात पाडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. म्हणूनच ‘अपोफिस’चे नाव ऐकून आपण धास्तावतो.

हा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह २००४ साली सापडला. २०२९ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तेव्हा शेकडा २.७ सांगितली गेली. शास्त्रज्ञ मात्र रात्रीमागून रात्री त्याची वाट मोजत राहिले. ती भीती लवकरच मिटली, आणि २०२१ साली पुढची शंभर वर्षे धोका नाही हेही ठरले. आपण तर जगबुडीचा निरोप फोनवर आला की पडताळून न पाहता पुढे पाठवतो! तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे प्रभू येशूने सांगूनही (मार्क १३:३२).

१३ एप्रिल २०२९ रोजी, आपल्याकडे १४ तारखेच्या पहाटे, अपोफिस पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आज तो सुमारे ३२४ दिवसांत सूर्याला फेरी घालतो. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट बदलेल, फेरी वर्षाहून लांबेल. बाळ येशूला भेटून निघालेले मागी लोकही दुसऱ्याच वाटेने आपल्या देशी परतले होते (मत्तय २:१२).