पुडीत पदार्थ किती?

बी.एस्सी.च्या ऑर्गॅनिक प्रॅक्टिकलला विद्यार्थ्याच्या हातात एक पुडी पडते. आत दोनेक ग्रॅम पांढरी भुकटी. तिच्यात दोन पदार्थ आहेत एवढं आधीच सांगितलेलं असतं. ते वेगळे करायचे, दोघांची ओळख पटवायची आणि जर्नल भरायचं. हा प्रकार इतका साचेबंद झालाय की काही मुलं नुसत्या वासावर निम्मं उत्तर सांगून मोकळी होतात. डांबराच्या गोळ्यांचा वास आला की नॅप्थॅलीन. मग राहतो प्रश्न जोडीदाराचा.

समजा, तो बेंझॉइक ॲसिड आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही गार पाण्याला दाद न देणारे. चिमट्याने किंवा चाळणीने काही साधत नाही. मग बीकरमध्ये खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतायचं. बारीक फसफस सुरू होते, काचेच्या कांडीने ढवळलं की वाढते, आणि ती थांबेपर्यंत बेंझॉइक ॲसिडचं सोडियम बेंझोएट होऊन ते मुकाट पाण्यात गेलेलं असतं. (सरबताच्या बाटलीवर बारीक अक्षरात २११ असा आकडा छापलेला असतो, तो ह्याच बेंझोएटचा.) नॅप्थॅलीन मात्र होतं तसंच बीकरच्या कडेला चिकटून. गाळलं की ते कागदावर राहतं आणि खाली नितळ द्रावण उतरतं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने सोडत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबाला गढूळपणा येतो, पुढच्याला तो ढवळूनही जात नाही, आणि निळा लिटमस तांबडा होईपर्यंत बीकर पांढऱ्या साक्याने भरून जातो. बेंझॉइक ॲसिड परत आलं.

ह्या साध्या करामतीतली एक गोष्ट आपण शिकवताना घाईने ओलांडतो. साधारण २५ अंशाला १०० मिलिलिटर पाण्यात बेंझॉइक ॲसिड जेमतेम ०.३४ ग्रॅम विरघळतं. सोडियम बेंझोएट ६० ग्रॅमच्या आसपास. पुडीतल्या दोन पदार्थांत वेगळं करण्याइतका फरक पाण्याला दिसतच नव्हता. सोड्याने तो काही मिनिटांपुरता घडवून आणला, आपण त्याचा फायदा घेतला आणि नंतर ॲसिड टाकून तो मोडला. विद्राव्यता हा एकट्या पदार्थाचा गुण नाही. ती कशात, किती तापमानाला, सोबत काय असताना, असे प्रश्न जोडूनच तिला अर्थ येतो.

आता पुडी बदलू. आत बेंझॉइक ॲसिड आणि सॅलिसिलिक ॲसिड. सोडा घातला की दोन्ही विरघळतात, आम्ल घातलं की दोन्ही खाली बसतात. सोड्याच्या लेखी पुडीत एकच पदार्थ आहे. किंवा बेंझॉइक ॲसिडबरोबर बीटा-नॅफ्थॉल ठेवा. खाण्याचा सोडा त्यातल्या ॲसिडलाच हात लावतो, नॅफ्थॉल सोडून देतो; पण घाईत कोणी आधीच कॉस्टिक सोडा ओतला तर दोघंही पाण्यात जातात आणि हातातली संधी गेली. म्हणून सौम्य अभिकारक आधी, जहाल नंतर. पुडीत पदार्थ किती, ह्याचं उत्तर आपण काय विचारलं, कोणत्या क्रमाने विचारलं, ह्यावर ठरतं.

हे बी.एस्सी.च्या टेबलापुरतं असतं तर इतकं लिहायचं कारण नव्हतं. पण १८४१ साली स्वीडनच्या कार्ल मोसांडरने डिडिमियम नावाचं मूलद्रव्य जाहीर केलं, आणि १८६९ च्या मेंडेलेव्हच्या कोष्टकातही ते दिमाखाने बसलं होतं. ते एकच मूलद्रव्य आहे का, असा काही जणांना संशय होता. १८७९ मध्ये त्याच्यातून समॅरियम वेगळं निघालं. तरीही उरलेलं डिडिमियम टिकून राहिलं. १८८५ साली व्हिएन्नात कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने त्याची अमोनियमसह दुहेरी नायट्रेटं पुन्हा पुन्हा विरघळवून पुन्हा पुन्हा स्फटिक करत नेली, तेव्हा एका टोकाला हिरवे क्षार गोळा झाले आणि दुसऱ्या टोकाला गुलाबी-जांभळे. प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम. चव्वेचाळीस वर्षं जे एक होतं ते दोन निघालं. (लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीचं मेंटल ही ह्याच गृहस्थाची देणगी.)

इथे सोड्यासारखी युक्ती चालत नाही, कारण ह्या धातूंचे क्षार रासायनिक स्वभावाने जवळजवळ सारखेच. विद्राव्यतेत अगदी जरासा फरक. गरम द्रावण निवलं की खाली बसलेल्या स्फटिकांत एका धातूचं प्रमाण किंचित जास्त, वर राहिलेल्या द्रवात दुसऱ्याचं. स्फटिक पुन्हा विरघळवायचे, शेजारच्या भांड्यातला द्रव त्यात मिळवायचा, पुन्हा निववायचं. नीरक्षीराच्या कथेतला हंस एका घोटात काम उरकतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या चार्ल्स जेम्सला शुद्ध थुलियम ब्रोमेट मिळवायला सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण करावं लागलं. ते त्याने १९११ मध्ये प्रसिद्ध केलं. मारी क्युरीचं काम त्याच जातीचं. रेडियम क्लोराइड हे बेरियम क्लोराइडपेक्षा थोडं कमी विरघळतं, एवढ्या धाग्यावर टनावारी खनिजाच्या गाळातून १९०२ पर्यंत ०.१ ग्रॅमच्या आसपास रेडियम क्लोराइड हाती आलं. तिच्याकडे एक सोय होती: किरणोत्सार मोजून प्रत्येक पायरीला आपण बरोबर दिशेला चाललोय हे कळत होतं.  डिडिमियमच्या बाबतीत मात्र थांबायचं कुठे, हे आधी कोणालाच सांगता आलं नसतं.

म्हणून मला वाटतं, रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे अजून न फुटलेलं. प्रयोगशाळेला हे पक्कं माहीत असतं. कपाटातली ए.आर. दर्जाची, म्हणजे महागडी, बाटली काढून लेबल वाचा. वर ठळक ९९.५ टक्के, आणि खाली अशुद्धींची रीतसर यादी: क्लोराइड जास्तीत जास्त इतकं, सल्फेट इतकं, लोह इतकं. स्वस्तातल्या एल.आर. बाटलीवर ही यादी बरीच आखूड. जी बाटली अधिक शुद्ध, तीच आपल्यातली घाण अधिक तपशिलाने सांगते. बाजारात शुद्ध तुपाच्या आणि समाजात शुद्ध रक्ताच्या, शुद्ध परंपरेच्या पाट्या लावणारे कोणत्या द्रावकात, कितव्या स्फटिकीकरणानंतर, हे कधी सांगत नाहीत. त्यांच्या लेबलावर खालची यादीच नसते. तुपाची निदान भेसळ तपासता येते.

शुद्धतेला किंमत पडते, हेही पुडीतच कळतं. मूळ बेंझॉइक ॲसिड एक ग्रॅम आणि गाळीव पन्नास मिलिलिटर धरा. सगळं नीट केलं तरी सुमारे ०.१७ ग्रॅम, म्हणजे सहावा हिस्सा, पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातो. धुताना नळ सढळ सोडला तर आणखी. उरलेला साका उकळत्या पाण्यातून पुन्हा स्फटिक करून घेतला की थीले ट्यूबमध्ये तो १२२ अंशाला झटक्यात वितळतो. न केलेला आधीच मऊ पडतो आणि चार-पाच अंश रेंगाळतो. पण प्रत्येक वेळी वजन घटतं, आणि परीक्षेत गुण वितळणबिंदूलाही असतात आणि यील्डलाही. तेव्हा मुलं चिमूटभर साका शुद्ध करून कॅपिलरीत भरतात आणि बाकीचा सगळा आहे तसा वाळवून तराजूवर ठेवतात. दोन पुड्या होतात आणि दोन्हींवर नाव एकच लिहिलं जातं. तशी पद्धतच आहे, पुस्तकातही दिलेली असते. एक्सटर्नल परीक्षक दोन्ही पुड्या उचलून बघतात, काही विचारत नाहीत आणि सही करतात; तेही असेच पास झालेले असतात.