खबर आधी कोणाला लागते?

1883 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून एक तरुण एलसीईच्या, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला आला. पहिल्या आलेल्याला मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात जागा मिळणार, हे आधीच ठरलेलं होतं. त्याप्रमाणे पुढच्या वर्षी तो सहायक अभियंता म्हणून रुजू झाला. नाशिकहून खानदेशात गेला आणि धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्राखालून पाण्याचा नळ न्यायचं अवघड काम त्याच्या गळ्यात पडलं. या तरुणाचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मला इथे फक्त त्या नेमणुकीच्या अटीबद्दल बोलायचं आहे. अट कठीण होती, पण एका ओळीत मावणारी होती आणि आधीपासून ठरलेली होती.

आज त्याच पुण्यात, त्याच परंपरेतल्या किंवा तिच्या आसपास उभ्या राहिलेल्या कॉलेजांत, मुलं नोकरीच्याही आधीच्या एका गोष्टीसाठी धावत असतात. इंटर्नशिप. तिसरं वर्ष संपल्यावरच्या उन्हाळ्यातले दोन महिने कुठल्या कंपनीत काढायचे, याची निवड त्याच्या आदल्या जुलै-ऑगस्टपासून सुरू होते. म्हणजे तिसऱ्या वर्षाची पुस्तकं उघडायच्या आत परीक्षा उभी. साहजिकच तयारी दुसऱ्या वर्षातच व्हायला हवी, आणि दुसऱ्या वर्षात तयारी करायची तर ती करायची असते हे पहिल्या वर्षात कळायला हवं. इथेच सगळी मेख आहे. निवडीची अट आजही फार गूढ नाही. पण ती कोणाला कधी कळते, यावर निम्मा निकाल लागून जातो.

टप्पे ठरलेले आहेत. आधी सीजीपीएची, म्हणजे गुणांच्या सरासरीची चाळणी, बहुधा सात किंवा साडेसात. केटी लागलेली असेल, म्हणजे एखादा विषय राहिलेला असेल, तर काही कंपन्या दारातूनच परत पाठवतात, काही ‘चालू बॅकलॉग नको’ एवढ्यावर भागवतात. मग ऑनलाइन परीक्षा. थोडी अ‍ॅप्टिट्यूड आणि तास-दीड तासात सोडवायचे दोन-तीन कोडिंगचे प्रश्न. कॅमेरा चालू, दुसरी खिडकी उघडली तर नोंद होते. त्यातून शॉर्टलिस्ट लागली की तांत्रिक मुलाखत, मग एचआर. इंटर्नशिपच्या दोन महिन्यांत काम पसंत पडलं तर तिथेच पीपीओ, म्हणजे नोकरीचा कागद हातात. मग चौथ्या वर्षाच्या प्लेसमेंटच्या धकाधकीत उतरायलाच नको. त्यामुळे घरची माणसं नोकरीबद्दल विचारायला सुरुवात करतात त्याच्या वर्षभर आधीच खरी लढाई होऊन गेलेली असते.

एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, 2018च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीचा भार 160 क्रेडिटवर आणला आणि त्यात इंटर्नशिपला हक्काची जागा दिली. हेतू चांगलाच होता. तसं पुणे विद्यापीठाच्या प्रॉडक्शनच्या सँडविच अभ्यासक्रमातली मुलं पूर्वीपासून शिक्षणाच्या मधेच कारखान्यात इनप्लांट ट्रेनिंगला जात होतीच. पण सक्ती सगळ्यांवर आली आणि जागा मात्र मोजक्याच राहिल्या. मग इंटर्नशिपच्या दोन जाती पडल्या. एक, जी ‘लागते’. दुसरी, जी ‘दाखवायची’ असते. दुसरीचा बाजार जोरात आहे. काही ठिकाणी तर मुलगाच पैसे भरतो. ई-मेलवर तीन कामं येतात: एक कॅल्क्युलेटर, एक लॉगिनचं पान, एक कामांची यादी ठेवणारं अ‍ॅप. महिनाअखेरीस सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र येतं आणि लिंक्डइनवर आनंदाची घोषणा होते. कॉलेजची फाइल पूर्ण होते. लिहिलेला कोड ज्याला खरोखर वापरायचा आहे अशा माणसासाठी त्या मुलाने एक ओळसुद्धा लिहिलेली नसते. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. कागद मागितला, त्यांनी कागद आणला.

आता ‘लागणाऱ्या’ इंटर्नशिपच्या तयारीकडे वळू. तयारी म्हणजे आज बहुतांशी डीएसए, डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर किती प्रश्न झाले, हा हॉस्टेलमधला कुशल विचारण्याचा प्रकार झाला आहे. या प्रश्नांची ‘शीट’ मिळते, शीटमध्ये ‘पॅटर्न’ असतात आणि मुलं ते घोकतात. एक उदाहरण बघू. आकड्यांची एक ओळ दिली आहे: 3, उणे 5, 4, उणे 1, 6, उणे 2. यातले सलग कुठलेही आकडे घ्या, बेरीज जास्तीत जास्त किती येईल? उत्तर 9, 4पासून 6पर्यंतचे तीन आकडे. सगळ्या जोड्या तपासत बसलात तर ओळ लांबली की संगणकाचीही दमछाक होते. त्याऐवजी डावीकडून एकदाच चालत जायचं आणि प्रत्येक आकड्याशी एवढंच विचारायचं की मागची बेरीज सोबत घेण्यात फायदा आहे, की ती टाकून इथून नव्याने मांडायचं.

हा अल्गोरिदम जे कडाने यांच्या नावाने ओळखला जातो. 1977 साली ब्राउन विद्यापीठातले उल्फ ग्रेनँडर प्रतिमांमधले आकृतिबंध शोधत असताना हा प्रश्न पुढे आला. मूळ प्रश्न दोन मितींतला होता. तो आवरेना म्हणून त्यांनी एका ओळीपुरता सोपा करून घेतला. पुढे कार्नेगी मेलनमधल्या एका चर्चासत्रात हा प्रश्न मांडला गेला आणि समोर बसलेल्या कडाने यांनी, ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक, मिनिटभरात उत्तराचा आराखडा काढला. जॉन बेंटली यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. आमची मुलं तेच उत्तर पाच-सहा ओळींत झोपेतही लिहितात. प्रश्न कुठून आला, सोपा कसा करून घेतला, हे विचारलं की शांतता. आणि अभियंत्याच्या हाती पुढे रोज येणारं काम नेमकं ते असतं: न आवरणारा प्रश्न आवरेल एवढा करून घेणं.

म्हणून ही परीक्षा मोडीत काढा, असं म्हणणाऱ्यांत मात्र मी नाही. होमब्रू या नावाजलेल्या सॉफ्टवेअरचा कर्ता मॅक्स हॉवेल याला गूगलने नाकारलं तेव्हा, 2015 साली, त्याने ट्विटरवर जाहीर संताप केला होता. तुमचे लोक माझं सॉफ्टवेअर वापरतात आणि मला फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून बाहेर काढता, असा त्याचा एकूण सूर. तो किस्सा आजही सांगितला जातो आणि ऐकणाऱ्याची मान डोलते. पण हॉवेलकडे दाखवायला होमब्रू होतं. परभणीच्या किंवा चिखलीच्या मुलीकडे काय आहे? ऑनलाइन परीक्षेला तिचं आडनाव दिसत नाही, इंग्रजी बोलण्याची ढब ऐकू येत नाही, वडील काय करतात हे माहीत नसतं. कोड चालला की चालला. परीक्षा काढून टाकली तर तिच्या जागी ओळखपाळख येईल, रेफरल येईल, सफाईदार बोलणं येईल. मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी बसलो आहे. सफाईदार बोलण्याने किती चटकन भुलायला होतं, ते मला ठाऊक आहे.

परीक्षा आंधळी आहे, पण तिच्यापर्यंत येणारी वाट आंधळी नाही. शहरातल्या नामांकित कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये ‘ऑगस्टमध्ये कंपन्या येतात, आतापासून बस’ हे पहिल्या सत्रातच कोणीतरी दादा जेवताना सांगून जातो. कोडिंग क्लब असतो, मागच्या वर्षी कोणत्या कंपनीने काय विचारलं याचं संकलन ग्रुपवर फिरतं. तालुक्याच्या कॉलेजात कंपनी येत नाही, म्हणून सांगणारा दादाही तयार होत नाही. शिवाय बसने रोज दोन तास येणं-जाणं करणाऱ्याला किंवा संध्याकाळी दुकानात हात द्यावा लागणाऱ्याला प्रश्न सोडवायला वेळ कुठून आणायचा, हे कुठल्याच शीटमध्ये लिहिलेलं नसतं. मेकॅनिकल आणि सिव्हिलची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या शाखेच्या कंपन्या बऱ्याचदा उशिरा येतात, थोड्या येतात, त्यामुळे आपल्या शाखेचा अभ्यास बाजूला ठेवून ही मुलंही याच सॉफ्टवेअरच्या रांगेत उभी राहतात.

सगळ्यात विचित्र गत होते ती डिप्लोमावाल्यांची. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक करून ही मुलं थेट दुसऱ्या वर्षात येतात. प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत बाकीच्यांचं तिसरं सत्र अनेकदा बरंच पुढे गेलेलं असतं. आल्या आल्या एम-थ्री, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा तिसरा पेपर, अंगावर येतो. बारावीचं गणित झालेलं नाही, त्यामुळे केटी लागायची भीती, आणि केटी लागली की चाळणीतच गळायची भीती. वर्गात ओळखी नाहीत, पहिल्या वर्षातले गट आधीच जमलेले. इतरांना तयारीला वर्ष-सव्वा वर्ष मिळतं, यांच्या वाट्याला त्यातले काही महिनेच येतात. आणि गंमत अशी, की राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘आय’ स्कीमच्या अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण होतं. म्हणजे अख्ख्या वर्गात ज्यांनी इंटर्नशिप खरोखर केलेली आहे, तेच इंटर्नशिपच्या निवडीत सगळ्यात मागे.

अशाच एका मुलाची मुलाखत आठवते. रेझ्युमेवर चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रणा होती. हा प्रकल्प इतक्यांच्या रेझ्युमेवर असतो की एव्हाना महाराष्ट्रातल्या एकाही वर्गात हजेरीपट उरायला नको. मी विचारलं, मधेच लाइट गेली तर? तोवर त्याने मॉडेलच्या अचूकतेची टक्केवारी पाठ म्हणून दाखवली होती. आता तो अडखळला, थांबला आणि म्हणाला, “सर, डिप्लोमाच्या ट्रेनिंगला वर्कशॉपमध्ये लाइट जायची, तेव्हा मशीन सुरू करताना आधी झिरो सेट करावा लागायचा, नाहीतर जॉब वाया. इथेही तसंच करावं लागेल. शेवटची पक्की नोंद कोणती, ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं.” डेटाबेसवाले ज्यासाठी अख्खं प्रकरण खर्ची घालतात, ते त्याने लेथजवळ उभं राहून शिकलेलं होतं. रेझ्युमेवर त्या सहा आठवड्यांचा उल्लेखही नव्हता. का, असं विचारल्यावर म्हणाला, “ते डिप्लोमाचं आहे ना, सर.”

चॅटजीपीटी आल्यापासून, म्हणजे 2022च्या अखेरीपासून, घोकलेल्या उत्तराची किंमत आणखी उतरली आहे. घरी बसून दिलेल्या परीक्षेत कोड कोणी लिहिला याची खात्री देता येत नाही, तेव्हा समोरासमोरच्या मुलाखतीचं वजन वाढणार. तिथे ‘तुझ्याच रेझ्युमेतली ही ओळ समजावून सांग’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त बळी घेतो. एकच प्रकल्प, पण मोडून पुन्हा जोडलेला, आणि विचार करताना मोठ्याने बोलायची सवय. मराठीतून केली तरी चालेल. मला कोणी तयारीबद्दल विचारलंच तर मी एवढंच सांगतो. शीट सोडवावीच, पण ती सोडवण्यात दुसरं वर्ष जाळू नये.

टीपीओंना, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, हे सगळं माहीत असतं. बोलायला गेलं की ते म्हणतात, निकष कंपनी ठरवते, आमच्या हातात काय आहे? बरोबर आहे. कॉलेजच्या जाहिरातीत सर्वांत मोठं पॅकेज छापायची घाई त्यांच्याच मानगुटीवर असते. पण कंपन्यांच्या येण्याचं वेळापत्रक आणि मागच्या वर्षीचे निकष पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर लावणं त्यांच्या हातात आहे, आणि थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना ते प्रवेशाच्या दिवशीच हातात देणंही. शिवाय त्यांचा स्वतःचा नोंदणीचा फॉर्म आहे. त्यात दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, सीजीपीए, केटींची संख्या असे रकाने असतात. डिप्लोमाची मुलं बारावीच्या रकान्यात आडवी रेघ ओढतात. औद्योगिक प्रशिक्षण कुठे केलं आणि तिथे हाताने काय केलं, एवढा एक रकाना त्या रेघेच्या शेजारी वाढवायला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही.